मांजरीचं गाडगं

शिवऱ्याच्या रखमाजी कुंभाराला कुणी विचारलं, "मडकं टिकंल का हो?" तर तो तोंडानं हमी द्यायचा नाही. ते मडकं जमिनीवर पालथं घालायचा, धोतराचा सोगा सावरायचा आणि त्यावर खुशाल बसायचा. बसल्या बसल्या तंबाखू मळायचा. गिऱ्हाइकाला घाम फुटायचा, मडक्याला काही व्हायचं नाही.

"आता तुमी बसून बघा," असं तो वर म्हणायचा. बसायला कुणी धजायचं नाही.

ही एकोणीसशे बत्तीस-तेहेतीसच्या सुमाराची गोष्ट. रखमाजी तेव्हा चाळिशीला टेकलेला. अंगानं काटकुळा, पण बोटं लांब आणि भक्कम. उजाडायला उठावं, ओढ्याकाठची माती गाढवावर लादून आणावी, राख आणि लीद घालून पायानं तुडवावी आणि उन्हं दारात यायच्या आत चाकाला फिरवायचा दांडा लावावा, हा त्याचा नेम. बायको ठकुबाई थापीनं मडक्यांची पोटं ठोकून फुगवायची आणि आठवडी बाजाराला नसरापुरात माल विकायची. मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल रखमाजी कुणाला काही सांगायला जात नसे आणि कुणी सांत्वन करायला आलं तर त्याला मातीचा ढीग दाखवून म्हणायचा, "तेवढी माती तुडवायची राह्यलीया. येता?"

एका संक्रांतीला तो वेल्ह्याच्या बाजाराहून परतला आणि उरलेली सुगडं उतरवायला लागला, तर टोपल्यातल्या गवतात मुठीएवढं मांजराचं पिल्लू झोपलेलं. राखाडी अंग, गळ्याखाली पांढरा ठिपका. तेवढा घाट उतरून आलं तरी त्याला जाग नव्हती.

"सुगडासंगं आली, सुगडी म्हना हिला," रखमाजी म्हणाला, आणि नाव पडलं.

सुगडी कुंभाराच्याच घरची निघाली. अंगणभर ओली मडकी वाळत घातलेली असायची. त्यांच्यामधून ती चालायची, पण शेपटीचा धक्का कशाला लागायचा नाही. चाक फिरायला लागलं की ती रखमाजीच्या डाव्या हाताला, पाण्याच्या परळाशेजारी, म्हणजे पसरट मातीच्या ताटलीशेजारी, येऊन बसायची. चिखलाचे शिंतोडे उडाले की डोळे मिटून घ्यायची, पण जागा सोडायची नाही. रखमाजी तिच्याशी दिवसभर बोलायचा. माती कशी आहे, वारा कसा आहे, आज भट्टी लावावी की उद्या. ठकुबाई म्हणायची, "माझ्याशी बोलताना दोन शबुद जड व्हत्यात तुमाला."

"तू उलट बोलतीस. ती ऐकून घेती," रखमाजी म्हणायचा.

पण सुगडीला एक खोड होती. दूध. शिंक्यावर ठेवलं तर ती आढ्यावरून उडी घ्यायची. गाडग्यावर परळ झाकलं तर पंजानं सरकवायची. परळावर दगड ठेवला तर दगड, परळ आणि गाडगं तिन्ही खाली. एका दुपारी ठकुबाई बाजाराहून आली, तर विरजणाला ठेवलेलं सगळं दूध चुलीपुढं सांडलेलं, आणि सुगडी मिशा चाटत उंबऱ्यावर बसलेली.

ठकुबाईनं टोपलं आपटलं. "अवो, ह्या मांजरीला नदीपल्याड सोडून या. न्हाईतर म्या माह्यारी जाते."

रखमाजीनं फुटक्या गाडग्याचा काठ उचलला, बोट फिरवून पाहिला. "मांजर न्हाई चुकत," तो म्हणाला. "गाडगं चुकतंय."

"गाडगं चोरी करतंय व्हय?"

"चोरी करू देतंय. दोन भट्ट्या थांब. त्याउपर बी चोरलं, तर म्या सोता नेऊन सोडतो."

त्याच्या मनात आलं होतं ते असं. झाकण हलतं, म्हणून मांजर जिंकतं. त्याऐवजी तोंडावर फडकं ताणून बांधलं तर? पण गाडग्याचा गळा गुळगुळीत. सुतळी बांधली तरी वर सरकून निघते. मग गळ्यालाच सुतळी अडकायला जागा हवी. पहिल्यांदा त्यानं नुसती बोटानं खाच पाडली. ती उथळ पडली. दुसऱ्यांदा खोल पाडली, तर वाळताना गळा तिथंच चिरला. तिसऱ्यांदा त्यानं काठाच्या खाली दोन बोटांवर ओल्या मातीची वळी चढवली आणि चाकावर फिरवून तिचं कडं केलं. काठ आणि कडं यांच्यामध्ये सुतळी अशी बसली, की हिसडा मारला तरी निघेना.

भट्टी उतरली त्या दिवशी दूध भरून, फडकं बांधून त्यानं गाडगं मुद्दाम जमिनीवरच ठेवलं. सुगडीनं वास घेतला. पंजा मारला. फडकं ढोलकीसारखं वाजलं. तिनं कडेनं दात लावून पाहिले, गाडग्याला दोन फेऱ्या घातल्या आणि शेवटी रखमाजीकडं तोंड करून एकदाच ओरडली. रखमाजीचा जीव कळवळला. त्यानं उठून परळात तिच्यापुरतं दूध ओतलं.

"मंग गाडगं कशापायी केलं?" ठकुबाईनं कपाळाला हात लावला.

"तिला मिळू नये म्हनून न्हाई केलं. तुझं टिकावं म्हनून केलं."

ठकुबाईनं पुढच्या बाजाराला अशी सहा गाडगी नेली. बायकांनी ती हातोहात उचलली. मांजर कुणाच्या घरात नसतं? त्याला नावच पडलं, मांजरीचं गाडगं. कापूरहोळचा एक कुंभार शेजारी माल मांडून बसायचा. तो हसला, "मडक्याला करदोटा कशाला गं वयनी?" पण त्याच्यापुढची गर्दी पांगून ठकुबाईपुढं आली होती, त्यामुळं त्याचं हसणं फार वेळ टिकलं नाही.

ही गाडगी खपू लागली, त्याच उन्हाळ्यात शिवऱ्याला सायकलवरून एक पाहुणा आला. डोक्यावर हॅट, पायजमा धुळीनं लाल. भोरचे उपेंद्र गुप्ते डॉक्टर. वय तिशीच्या आतलं. हातात बाजारातून घेतलेलं मांजरीचं गाडगं होतं.

"हे तुम्ही केलंत?"

"खाली कुंभाराचं बोट उमटलंय बगा. माजंच हाय."

डॉक्टर चाकाशेजारी उकिडवे बसले आणि आपलं दुखणं सांगू लागले. वेल्ह्याच्या वाटेवरच्या वरच्या वाडीत घरोघर नारू झालेला. पाण्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारा एक किडा असतो, त्याच्या पोटात नारूची पिल्लं. असं पाणी प्यायलं की वर्षभरानं माणसाच्या पायातून हातभर लांब दोरा बाहेर येतो. पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं तर किडा वरच राहतो. "मी सांगून थकलो. बायका गाळतात, पण घाईत फडकं घसरून मडक्यात पडतं. मला अशा गळ्याचे चाळीस डेरे करून द्या."

रखमाजीनं गाडगं हातात घेऊन कड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "आदी वाडी बगू द्या. पाय बघितल्याबिगर चांभार जोडा शिवत न्हाई."

दोघं वाडीला गेले. तिथं गेनबा नावाचा गडी ओसरीवर पाय पसरून बसला होता. घोट्याच्या वर फोड फुटून पांढरा दोरा बाहेर आलेला, काडीला गुंडाळलेला. रोज बोटभर ओढायचा, तुटला तर पाय सुजून माणूस महिनाभर आडवा. पेरणी तोंडावर आणि घरचे तिघं असेच बसून. रखमाजीनं उकिडवं बसून तो दोरा आणि ती काडी नीट बघून घेतली.

मग तो विहिरीवर गेला. पायऱ्यांची जुनी विहीर. बायका पाण्यात उतरून घागरी बुडवत होत्या, घरी जाऊन भरली घागर एकदम फडक्यावर उपडी करत होत्या. मधूनच एक म्हातारा लंगडत आला आणि त्यानं सुजलेला पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात सोडला. "लई आग व्हती बाबा," तो म्हणाला, "गार पान्यात जीव थंड व्हतो."

"तिथंच तो दोरा पाण्यात पिल्लं सोडतो," डॉक्टर हळूच म्हणाले. "आणि तेच पाणी सगळे पितात. किती वेळा सांगितलं."

रखमाजी पायरीवर बसला. "डाक्टरसायेब, रागावू नका. तुमी सांगितल्यावानी चाळीस डेरे केले, तर चाळीसच्या चाळीस फुकट जातील."

"का?"

"दूध झाकायचं गाडगं येगळं, पानी गाळायचं येगळं. हितं घागर उपडी व्हतीया. ताणल्या फडक्यावर तेवढं पानी टिकंल? भाईर उडंल, मंग बाई चिडून फडकंच सोडंल. तोंड परातीगत पसरट पायजे आन् फडकं मधी झोळीवानी सैल. कडं दुप्पट जाड." त्यानं पाण्यातल्या म्हाताऱ्याकडं बोट केलं. "आन् त्या म्हाताऱ्याला इहिरीवर यायला लावतंय कोन? आग. तर त्याला घरीच पाय बुडवायला पसरट भांडं द्या की. गार पानी, वर सावली. इहिरीवर कशाला मरायला येतोय त्यो?"

गुप्ते डॉक्टरांनी डोक्यावरची हॅट काढली. भोरात आणि पुण्यात शिकून त्यांना जे सुचलं नव्हतं, ते हा माणूस एका फेरीत सांगत होता. "ते पाणी मात्र नंतर विहिरीपासून लांब, कोरड्या जमिनीवर ओतायचं," एवढंच ते म्हणाले.

"तेवढं तुमी सांगा. भांडी म्या करतो."

महिनाभर शिवऱ्यात दुसरं काम झालं नाही. सुगडी परळाशेजारी बसून पसरट तोंडाचे डेरे चाकावरून उतरताना बघत राहिली. दोन भट्ट्या लागल्या, पाय बुडवायची भांडीही त्यांतच भाजली. चाळीस हवे होते म्हणून रखमाजीनं सेहेचाळीस घडवले, आणि चिरले तेव्हा बरोबर सहाच चिरले. याचा त्याला अभिमान वाटला आणि तो त्यानं लपवला नाही.

डॉक्टर डेरे न्यायला आले, तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला. पहिल्या भट्टीतले चार डेरे आधीच वाडीत दिले होते. बायका नेमानं गाळत होत्या, पण फडकं धुऊन पुन्हा बांधताना कधी ही बाजू वर, कधी ती. उलटं बांधलं की वर अडकलेले किडे खाली धुऊन डेऱ्यातच जायचे.

रखमाजीनं डोकं खाजवलं. कड्याला आणखी काय करता येईल, हे तो मातीतच शोधत होता. ठकुबाई चुलीपुढून म्हणाली, "त्यात काय एवढं? फडक्याच्या वरच्या अंगाला मधोमध तांबडं ठिगळ लावा. ठिगळ दिसलं तर नीट, न्हाई दिसलं तर उलटं. आंधळीला बी चाचपून कळंल."

"ह्ये मातीत सापडायचं नव्हतं," रखमाजी म्हणाला.

"समदं मातीतच सापडतंय व्हय?" ठकुबाईनं जुनं लुगडं फाडायला घेतलं. दोन दिवसांत तिनं चाळीस फडकी शिवली.

नारू वर्षानं दिसतो, तसा जायलाही वर्ष घेतो. त्यामुळं त्या साली कुणालाच काही कळलं नाही. वाडीतले चारजण म्हणाले, देवीचा कोप आहे, गाडग्यानं काय होणार? रखमाजी त्यांच्याशी भांडला नाही. गेनबाला मात्र त्यानं सांगून ठेवलं, "पुढच्या उन्हाळ्यात पेरणीला तू उबा ऱ्हाशील. न्हाई ऱ्हायलास तर माझं चाक इहिरीत टाक."

पुढच्या उन्हाळ्यात वाडीत सात जणांना नारू निघाला. आदल्या साली एकतीस होते. त्याच्या पुढच्या साली एकाच म्हातारीला निघाला, आणि ती आदल्या उन्हाळ्यात परगावी लेकीकडं राहून आलेली. गेनबानं मात्र रखमाजीच्या शब्दाप्रमाणं पहिल्याच साली पेरणी केली. मृगाच्या दुसऱ्या दिवशी तो शिवऱ्याला आला, पाठीवर नाचणीचं पोतं घेऊन, आणि दारात उभा राहून नुसताच आपले दोन्ही पाय आळीपाळीनं वर करून दाखवू लागला. ठकुबाई हसून हसून खाली बसली.

सदतीस साली डॉक्टरांनी रखमाजीला भोरला बोलावलं. आसपासच्या सात-आठ गावचे कुंभार जमवले होते, त्यांना डेरा शिकवायचा होता. रखमाजी दुसऱ्याच्या चाकावर बसला, दांडा घुमवला आणि एका दमात डेरा उभा केला. कड्याची वळी चढवताना त्यानं हात थांबवला आणि सगळ्यांना जवळ बोलावलं. "नीट बघा. ह्ये चोरून ठेवायचं हुनर न्हाई. ज्येला जमंल त्येनं करावं. पर कडं बारीक कराल, तर माझं नाव सांगू नका."

तीन दिवस तो भोरला राहिला. परत आला तेव्हा सुगडी अंगणातच होती, पण त्याला बघून तिनं पाठ फिरवली. "तीन दीस तोंडाला काय लावलं न्हाई तिनं," ठकुबाईनं सांगितलं. "चाकापाशी बसून हुती. म्या दूध दिलं, तिकडं बघितलं बी न्हाई. मांजर हाय का सवत हाय?"

रखमाजीनं डोक्याचं मुंडासं सोडलं, हात धुतले आणि चुलीपुढं न जाता सरळ चाकाशी जाऊन बसला. भोरात कोण कोण आलं होतं, तिथली माती कशी चिकट आहे, डॉक्टरांच्या आईनं पुरणपोळी कशी वाढली, सगळं त्यानं मोठ्यानं सांगायला घेतलं. पाठमोऱ्या सुगडीचा एक कान त्याच्याकडं वळला. पुरणपोळीपर्यंत येईतो ती उठून जवळ आली आणि त्याच्या मांडीवर चढून बसली.

"बस," रखमाजी म्हणाला. "दांडा आता उद्याच्याला धरू."