साहेब ड्युटीवर आहेत

हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर बसणारा ऑपरेटर जन्मापासून आंधळा. त्याला रोज कामावर आणणारा कुत्रा म्हणजे साहेब. नाव वॉचमनने ठेवलेलं. कुत्रा पुढे आणि माणूस मागे, मग साहेब कोण हे सांगायला हवं का, असं त्याचं म्हणणं. रोज फाटकाशी तो विचारायचा, "साहेबांना हात लावू का?" आणि ऑपरेटर म्हणायचा, "ड्युटीवर आहेत." पाठीवर पट्टा चढला की कुत्र्याला कुणी कुरवाळायचं नाही, त्याचं लक्ष उडतं. नियम वॉचमनला पहिल्याच आठवड्यात पाठ झाला होता, तरी नऊ वर्षांत विचारायची खोड गेली नाही.

सहा महिन्यांपासून साहेब फुटपाथच्या कडेला थांबेनासा झाला होता. "आंधळ्याच्या कुत्र्यालाच दिसेना झालं, म्हणजे कमाल झाली," असं ऑपरेटर बायकोला हसत म्हणाला आणि अर्ध्या जेवणावरून उठला. आंधळ्यांसाठी कुत्रे शिकवून देणाऱ्या शाळेला कळलं असतं, तर त्यांनी साहेबाला निवृत्त केलं असतं. मग नवा कुत्रा, नवी शिकवणी, पुन्हा पहिल्यापासून धडपडणं. एवढी उमेद आता त्याच्यात उरली नव्हती. म्हणून त्याने पावलं मोजून रस्ता पाठ केला. कड आली की आधी स्वतः थांबायचं, पट्ट्याची मूठ हलकेच मागे ओढायची आणि साहेब थांबला की "शाब्बास!" म्हणायचं. बोर्डावर पोचेपर्यंतच त्याचा जीव मेटाकुटीला यायचा.

वर्षाच्या तपासणीला शाळेची मास्तरीणबाई आली. ती दहा पावलं मागून चालत राहिली. तीन कडा त्याने बिनचूक निभावल्या.

"काका, आज जरा बेकरीच्या गल्लीने जाऊ या," ती म्हणाली.

त्या गल्लीची पावलं त्याच्याकडे नव्हती. नाही म्हणायलाही काही कारण सुचेना. तो निघाला. कड आली, साहेब सरळ चालत राहिला आणि ऑपरेटर गुडघ्यावर आपटला. मास्तरीणबाईने धावत येऊन दंड धरला. साहेब शेजारी बसून थरथरत होता.

"किती दिवस चाललंय हे?"

"सहा महिने."

"म्हणजे तुम्ही याला नेत होतात."

"नऊ वर्षं त्याने मला नेलं, बाई. मी सहा महिने नाही न्यायचं?"

तिने त्याला उभं केलं. मग म्हणाली, "गाडी आली असती तर दोघंही गेला असतात, काका."

भांडायला त्याच्याकडे शब्द होते, पण त्राण नव्हतं. खरं तर त्या मोजणीचा त्याला वीट आला होता, आणि आपल्याला हायसं वाटतंय याचीच त्याला लाज वाटली.

"घरी तर राहील ना आमच्या?"

"राहील की. फक्त काम नाही करायचं त्याने."

त्याने स्वतःच्या हाताने पट्ट्याचं बक्कल सोडलं. मास्तरीणबाईने पट्टा पिशवीत ठेवला आणि त्याच्या हातात घडीची काठी दिली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात साहेबाची साधी दोरी, असे ते फाटकाशी पोचले.

"साहेबांना हात लावू का?" वॉचमनने सवयीने विचारलं.

ऑपरेटरने हातातली दोरी सैल सोडली.

"लावा," तो म्हणाला.

वॉचमनचा हात पुढे यायला बराच वेळ लागला.