अर्डेलाने धीर मागितला

तुम्ही कधी चारचौघांत उभं राहून देवाकडे धीर मागितलाय का? नसेल तर शहाणे आहात. आमच्या टोलेडोच्या या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, की धीर मागितला तर देव आधी धीर लागेल अशी कटकट पाठवतो. धीर मागाहून, आला तर.

तरी अर्डेला मन्सीने मागितला. बुधवारच्या प्रार्थनासभेत उठली आणि म्हणाली, "माझी जीभ मला आवरत नाही. काल ओटिसला नको ते बोलले. मला धीर मिळावा म्हणून प्रार्थना करा."

सगळी सभा कण्हली. मागून कुणीतरी म्हणालं, "गेली बाई कामातून!" पाळकसुद्धा हसले.

अर्डेला जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात राबली. आता आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते. ओटिस पाचव्यावर, चाकाच्या खुर्चीत. त्याचं संध्याकाळचं जेवण ती नेऊन देते. कुणी सांगितलेलं नाही. बदल्यात तो तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवतो.

गुरुवारी लिफ्ट बंद पडली.

जिन्यात बायकांनी तिला घेरलं. तिसऱ्या मजल्यावरची लविनिया ओरडली, "अगं, ती प्रार्थना परत घे! तुझ्या धीरापायी आमचे गुडघे का?"

"परत द्यायला ती काय दुकानातली चप्पल आहे?" अर्डेला म्हणाली.

माझं डोकं फिरलं. मी कॉर्नेलियस, इथल्या भाडेकरू संघटनेचा अध्यक्ष. मी गरजलो, "देवाला मधे ओढू नका! लिफ्ट मालकाच्या चिक्कूपणाने बंद आहे!" मॅनेजर ग्रेडीला फोन लावला. "पार्ट मागवलाय." दुसऱ्या दिवशी, "पार्ट वाटेत आहे." तो पार्ट रांगत येत होता की काय कोण जाणे.

त्यात ओटिसच्या नातीचा बाप्तिस्मा येत्या रविवारी. त्याने कोट कधीचा काढून दारामागे टांगलाय. लिफ्ट नाही, तर म्हातारा घरात.

अर्डेला रोज कठडा धरून, कण्हत, ताट वर न्यायची. ओटिस झाकण उचलायचा. "गारढोण झालंय. आणि आज पुन्हा वालच?" ती दार ओढून घ्यायची आणि जिन्यात येऊन देवाशी भांडायची. मी स्वतः ऐकलंय. "प्रभू, मी धीर मागितला होता. ओटिस नव्हे!"

शेवटी या मंगळवारी मी ग्रेडीच्या ऑफिसात धडकलो. टेबल बडवलं. तो म्हणाला, "आवाज चढवलात तर पोलिसांना बोलावीन." म्हटलं, बोलाव की! पाच मजले त्यांनाही चढू दे!

तेवढ्यात अर्डेला आली. झाकलेलं ताट तिने त्याच्या कागदांवरच ठेवलं. "ग्रेडी बाळा, हे ओटिसला देऊन ये. माझा गुडघा आज रजेवर आहे."

त्याने ताट उचललं. गेला बिचारा. थोड्या वेळाने जिन्यातून ओटिसचा आवाज घुमला, "एवढा उशीर? आणि गार!"

ग्रेडी खाली आला तो लालबुंद, शर्ट पाठीला चिकटलेला. अर्डेलाच्या जिभेवर वाक्य तयार होतं. तिचे ओठ हललेले मी पाहिले. तिचं एक वाक्य म्हणजे माणूस सोलून निघतो, आणि मी त्याचीच वाट बघत होतो. तिने ते गिळलं. पेला भरून पाणी त्याच्यापुढे धरलं. "बस. आधी दम खा."

असा संताप आला मला! बाहेर येऊन म्हटलं, "ताई, हातात सापडलेला माणूस सोडलास!"

"कॉर्नेल," ती म्हणाली, "रोज तीन मजले चढले तेव्हा एवढा दम लागला नव्हता, जेवढा ते वाक्य गिळताना लागला. आता तू गप्प बस."

ग्रेडीने मेकॅनिक बोलावला, हे खरं. मेकॅनिक आला, आलेल्या पार्टचं खोकं उघडलं, तर पार्ट दुसऱ्याच लिफ्टचा! म्हणजे आज शुक्रवार आणि लिफ्ट बंदच. मालकाला मी सोडणार नाही, ते वेगळं.

पण ओटिसला रविवारी खाली आणायचंच. खुर्चीसकट, उचलून. एक कोपरा मी धरणार, एक पाळक. तिसरा ग्रेडी, स्वतःहून म्हणाला. अर्डेला कोट घेऊन पुढे चालणार. तिने मला बजावलंय, "जिन्यात ग्रेडीला एक जरी टोमणा मारलास, तर पुढच्या बुधवारी सभेत उठून मी तुझ्यासाठी धीर मागेन."

मी पोलिसांना भीत नाही. याला भ्यालो.

चौथा कोपरा रिकामा आहे. रविवारी सकाळी नऊला इमारतीच्या मागच्या दाराशी या. ओटिस खाली येईपर्यंत तुम्हाला नावं ठेवेल, ते कानाआड करा. पण या.