दुपट्याच्या आतलं लुगडं

मोठी गोधडी आता माझ्याच्याने होत नाही. जमिनीवर पसरायची, तिच्यावरच बसायचं आणि सरकत सरकत टाके घालत जायचं, त्याला गुडघे लागतात. माझे गुडघे केव्हाच रिटायर झाले. म्हणून मी आपल्या लहान लहान वस्तू करते. चष्म्याचं घर, देवापुढचं आसन, गरम भांडं धरायला जाड चौकोन, तान्ह्या बाळाची दुपटी. गॅलरीत खुर्ची टाकायची, पाठीवर ऊन घ्यायचं आणि मांडीवर मावेल तेवढंच काम करायचं. शिकवलं कुणी नाही. शेजारणींचं बघून, आपलंच उसवून, आणि अलीकडे नातीच्या मोबाईलवर बघून शिकले. ती माझ्या वस्तूंचे फोटो काढून कुठे कुठे पाठवते, मग बिल्डिंगमधल्या बायका जिन्यात थांबवून म्हणतात, "काकू, काय सुरेख हो." खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडतं.

ओझरला माझी नणंद राहते. तिचे यजमान विमानाच्या कारखान्यातून रिटायर झालेले, मुलगा-सून त्यांच्याजवळच. ती माझ्यापेक्षा वयाने मोठी, पण मी तिच्या थोरल्या भावाची बायको. म्हणून मी त्यांना वन्सं आणि अहो-जाहो म्हणायचं, आणि त्यांनी मला वहिनी म्हणून अगं-तुगं करायचं, असं आमचं लग्नापासून ठरलेलं. बघा, लिहितानासुद्धा 'ती'वरून 'त्या'वर आलेच मी.

तर या थंडीत वन्संना नात झाली. बारशाच्या आधी त्या मुद्दाम घरी आल्या आणि पिशवीतून एक जुनं लुगडं काढून माझ्या मांडीवर ठेवलं.

"आईचं आहे. याचं दुपटं करून दे पोरीला."

आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांची बाकीची लुगडी माझ्याच हातून संपली. जुन्या सुती लुगड्यांचं सगळ्यांच्या घरी जे होतं तेच झालं. काही गोधड्यांत गेली, काहींची फडकी झाली, शेवटी पायपुसणी. हे एक तेवढं वन्संनी तेव्हा मागून नेलं होतं. मालेगावकडचं, रोजच्या नेसण्यातलं. मूळचा हिरवा रंग उडून आता शेवाळासारखा झालेला, आणि धुऊन धुऊन कापड सायीसारखं मऊ. आमच्यात तान्ह्या बाळाच्या अंगाला कोरं कापड लावत नाहीत. टोचतं म्हणून, आणि घरातल्या जुन्या माणसाच्या अंगावरचं बाळाला मानवतं म्हणून.

आता गोधडी करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, ती सांगेल की विरलेलं कापड आत घालायचं आणि धड कापड बाहेर. आतल्याने मऊपणा येतो, बाहेरच्याने टिकाव लागतो. मी तेच केलं. मेन रोडवरून पिवळं मलमल आणलं, कोरेपणा जावा म्हणून पुन्हा पुन्हा धुतलं आणि वर-खाली तेच लावलं. लुगड्याचे तुकडे करून मधे अंथरले. वर रंगीत कापडाचे छोटे हत्ती कातरून बसवले, त्यांना साखळी टाक्याची झूल काढली, आणि सगळ्यावरून बारीक धावदोरा घातला, जवळजवळ, तांदळाएवढा. नातीने फोटो काढला. इतकं चांगलं माझ्या हातून आधी काही झालं नव्हतं.

बारशाला दुपटं हातोहात फिरलं. सुनेची आई म्हणाली, "दुकानातून आणल्यासारखं दिसतंय हो." मी आपली मान खाली घालून हसत होते. वन्संनी दुपटं घेतलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. मग मला म्हणाल्या, "जरा आत ये."

स्वयंपाकघरात घुगऱ्यांचं पातेलं उघडंच होतं. त्यांनी आधी त्यावर झाकण ठेवलं.

"वहिनी, आईचं लुगडं राहिलं का शिवायचं?"

"नाही वन्सं, घातलंय की. आत आहे. मधला थर सगळा त्याचाच. म्हणून तर एवढं मऊ लागतंय."

त्यांनी दुपट्याची कड चिमटीत धरून चाचपली. "कुठे दिसतंय?"

"दिसणार कसं? विरलेलं होतं, बाहेर लावलं असतं तर दोन धुण्यांत गेलं असतं."

"मला पोरीला पणजीचं म्हणून दाखवायचं होतं गं. आता काय दाखवू, तुझे हत्ती?"

त्यांनी दुपट्याची घडी घातली, पार रुमालाएवढी लहान होईपर्यंत घालत राहिल्या.

"तुझं नि आईचं कधी पटलं नाही, मला माहितेय. मी कधी मधे बोलले नाही. पण ती जाऊन इतकी वर्षं झाली."

"तसं काही नाही हो वन्सं. शिवायची पद्धतच तशी आहे."

"बरं," म्हणाल्या आणि घुगऱ्या वाटायला बाहेर गेल्या.

येताना बसमध्ये मी ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांना वाटलं मला हसवावं. म्हणाले, "म्हणजे माझ्या आईला शेवटी तू चूप बसवलंस म्हणायचं." ह्यांचं हे नेहमीचं. एरवी मीही एखादं उत्तर दिलं असतं. त्या दिवशी खिडकीकडे तोंड करून बसले.

कारण शिवताना काय झालं होतं ते मला ठाऊक होतं. सासूबाई सिन्नरकडच्या, शेतात राबलेल्या. सुई त्यांच्या हाताला कधी लागली नाही. मी दुपारी शिवायला बसले की येता-जाता म्हणायच्या, "झालं का सुरू चिंध्याचं दुकान? दिसभर टोचीत बसती, हाती काय येतंय?" पाहुण्यांसमोरही म्हणायच्या. आणि त्या लुगड्याला पदराजवळ एक ठिगळ होतं, त्यांनी स्वतः लावलेलं. टाके कसले, पोत्याचं तोंड शिवावं तसे. लुगडं कातरताना ते ठिगळ माझ्या हातात आलं. मी ते बरोबर मधोमध ठेवलं, वर पिवळं मलमल ओढलं आणि सगळ्यात मोठा हत्ती नेमका त्यावर बसवला. पद्धत म्हणून नव्हे. तेव्हा मला बरं वाटलं होतं. अगदी जरासं, ताटातला खडा अलगद बाजूला काढल्यावर वाटतं तेवढं. पण वाटलं होतं. आणि बाई कुठे होती मला उत्तर द्यायला?

काही दिवस मी सुई हातात धरली नाही. कुणीतरी आसन मागितलं होतं, त्यांना डोळे दुखतात म्हणून सांगितलं. मग एक दिवस वन्संना फोन केला, "दुपटं उसवते. येऊ का?"

"उसवून काय हाती लागणार आहे? चाळण झाली असेल त्याची."

"येऊ का नको ते सांगा."

"ये."

ओझरला त्यांच्या पलंगावर बसून मी उसवायला घेतलं. घालताना जेवढी मिरवले होते तेवढाच आता एकेक टाका जिवावर येत होता. वन्संनी थोडा वेळ बघितलं, मग चष्मा लावून दुसऱ्या कडेने दोरे ओढायला लागल्या. कापड सगळीकडे भोकाभोकांचं झालं होतं, बोट लावलं तरी विरत होतं. मोठा हत्ती निघाला आणि खालचं ठिगळ दिसलं. वन्संचे हात थांबले.

"हे आईनेच लावलेलं," त्या म्हणाल्या. "बघ गं कसं लावलंय. म्हणायची, टाका कसाबी असू दे, वारा थांबला म्हंजी झालं." आणि हसायला लागल्या, हसता हसता चष्मा काढला.

मला तेव्हा गप्प राहता आलं असतं. पण मी म्हणाले, "वन्सं, ते मी मुद्दाम झाकलं होतं. झाकताना मला बरं वाटलं होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या ठिगळावरून अंगठा फिरवत राहिल्या. बाळ रडलं तशी उठून गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. मी दोरे गोळा करत बसले. परत आल्या त्या मुलीला खांद्यावर टाकूनच.

"आता हे वर लाव," म्हणाल्या.

"नाही टिकणार. लगेच फाटेल."

"फाटू दे."

मी लावलं. आयुष्यभर हाताला जे वळण लावलं त्याच्या उलट, विरलेलं बाहेर आणि धड आत. टाके लांब लांब घातले, कापड ओढलं जाऊ नये म्हणून. ठिगळ जसं होतं तसं वर ठेवलं, त्याला सुई लावली नाही. वन्सं मुलीला थोपटत समोर बसून होत्या. माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. निघताना चहा मात्र दिला, आणि साखर कमी, मला लागते तशी.

झालेलं दुपटं दिसायला यथातथाच आहे. नात म्हणाली, "आजी, याचा फोटो नको काढू?" मी नको म्हटलं.

पंधरवडा गेला असेल. वन्संचा फोन आला.

"फाटलं गं वहिनी. एका कोपऱ्यात. पोरगी पाय झाडते."

मी म्हटलं, "भाच्याबरोबर पाठवून द्या, करून देते."

पलीकडे बाळ कुरकुरलं, त्याला त्यांनी आधी "हो गं, हो" केलं.

"पाठवत नाही," वन्सं म्हणाल्या. "तूच ये इकडे. माझ्यासमोर बसून लाव."