दोनच्या वर

दोन बोटं उभी करून आमचे मशीनरूमचे सर विचारायचे, "याच्यावर काही नाही ना?" उत्तर मिळेपर्यंत ती बोटं खाली येत नसत. मध्येच कुणी चहा आणला तर कप दुसऱ्या हातात घेत.

ती दोन बोटं म्हणजे दोन जीबी. आमचं नोएडातलं ऑफिस नकाशांचं. दिल्लीभोवतीची शेतं जाऊन तिथे सेक्टर उभे राहत होते आणि त्या गावांचे जुने कागदी नकाशे आम्ही कॉम्प्युटरवर चढवत होतो. मशीनच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमला दोन जीबीहून मोठी फाइल झेपत नसे, नवीला झेपे. म्हणजे नवीवर फाइल वाढू दिली आणि काही बिघडून जुनीवर परतावं लागलं, तर ती फाइल गेलीच म्हणून समजा. म्हणून त्यांचा नियम होता. "नव्या घरात पंधरा दिवस पाहुण्यासारखं राहायचं, यार. सामान पसरायचं नाही." तेवढे दिवस नकाशे तुकड्यांतच ठेवायचे. रोज संध्याकाळी ते टेबलाटेबलाशी येऊन बोटं दाखवत.

घरीही तसंच. त्यांच्या पत्नीचं, म्हणजे वहिनींचं, दिल्लीतलं सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून ते स्वतःच्या फ्लॅटमध्ये आले, तर पंधरा दिवस खोकी उघडू देईनात. मी जेवायला गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, पोळपाटसुद्धा खोक्यात आहे. ताट उपडं घालून पोळ्या लाटतेय मी!" ते आपले मुकाट्याने ती वेडीवाकडी पोळी खात होते. तुम्हीही हसला असतात.

मी पुण्याहून नवाच आलेला, नुकतं लग्न झालेला, आणि हुशारी दाखवायची भारी खुमखुमी. नवी सिस्टिम चढवून तेरा दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी ग्राहक येणार होता. त्याला अख्खा नकाशा एकदम दाखवावा म्हणून मी सगळे तुकडे जोडून एकच फाइल केली, आणि डिस्कवर जागा उरेना म्हणून तुकडे पुसून टाकले. संध्याकाळी बोटं वर झाली. "याच्यावर काही नाही ना?"

"बिल्कुल नाही, सर," मी म्हणालो.

सकाळी नवी सिस्टिम रुसली. मशीन चालू होई आणि बंद पडे. ग्राहक यायची वेळ झाली, तेव्हा माझ्या शब्दावर विसंबून ते जुनीवर परतले. जुन्या सिस्टिमने डिस्क तपासता तपासता माझी फाइल दोन जीबीवर कापून टाकली. नकाशा उघडेचना. नवी सिस्टिम चढवण्याआधीची बॅकअपची टेप होती, पण तिच्यात हे तेरा दिवस नव्हते. बारा ऑपरेटरांची मेहनत गेली आणि ग्राहकही गेला.

कंपनीच्या मोठ्या साहेबांनी त्यांना विचारलं, "किसकी गलती है?"

"मेरी," ते म्हणाले. "चेक करना मेरा काम था."

प्रत्येक फाइलवर ती करणाऱ्याचं नाव असतं. ते त्यांनी पाहिलं नसेल, असं मी कितीतरी दिवस स्वतःला समजावत राहिलो. त्या वेळी मी बाजूलाच उभा होतो. नोकरी जाईल या भीतीने माझ्या तोंडून अक्षर फुटलं नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

महिनाअखेरीस त्यांना जायला सांगितलं. मशीनरूमची किल्ली माझ्या हातात देताना त्यांनी, सवयीने की मुद्दाम कोण जाणे, दोन बोटं उभी केली. "काही नाही ना?"

मी पुन्हा नाही म्हणालो. बोटं सावकाश खाली आली. पाठीवर एक थाप मारून ते गेले.

त्यांचं घर माझ्यापासून चार सेक्टर पलीकडे. तिथवर पुन्हा जायला मला अकरा वर्षं लागली. दार वहिनींनी उघडलं. आत भिंतीवर त्यांचा फोटो होता, हार घातलेला. मी दारातच थांबलो.

"उशीर केलात, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "शेवटपर्यंत म्हणायचे, त्याला खोटं पचणार नाही, येईल एक दिवस."