आत्याच्या पगाराचा प्रवेश

गेल्या सप्टेंबरातल्या पहिल्या शनिवारी, फ्रीमाँटमधल्या एका शाळेच्या हॉलसाठी आम्ही नऊशे डॉलर भरले. तेव्हा आमच्या दिवाणखान्यात माझी बायको, तिचे कोलकात्याहून आलेले बाबा, नाटकातले पाच नट आणि मी, असे आठ जण होतो. बायको बंगाली, मी नागपूरचा. दुर्गापूजेत व्हायचं नाटक तिनं लिहिलं होतं. खर्च मी पाहत होतो.

नाटक पूर्व बंगालमधून कोलकात्याला आलेल्या कुटुंबाचं. अडचण बोलीची होती. आमचे नट कोलकात्याचे, नाहीतर इथेच वाढलेले. पूर्वेकडची बंगाली कोणालाच जमेना. बाबा सात वर्षांचे असताना तिकडून आले आणि अजून तसंच बोलतात. म्हणून ऑगस्टभर चहाच्या वेळी मी त्यांना बोलतं केलं, फोनवर रेकॉर्ड केलं आणि एकेक वाक्य टाइप करून बायकोला दिलं. उच्चार तीनतीनदा तपासले. ते काय सांगताहेत याचा विचार केला नाही.

त्यात त्यांच्या थोरल्या बहिणीची हकिकत होती. ती टेलिफोन खात्यात होती आणि सगळं घर तिच्या पगारावर चालायचं. तिला तीन स्थळं आली, तिन्ही घरच्यांनी परतवली. बाबांनी हसतच सांगितलं होतं, "दीदीचं लग्न झालं असतं तर मी कुठला इंजिनिअर होतोय?" बायकोची ही आत्या आता हयात नाही.

त्या शनिवारी तालमीत भावाचं काम करणारा नट हेच वाक्य बोलला. त्यावर बहीण झालेली बाई प्रवेशातल्या जेवणावरून उठली आणि म्हणाली, "माझा पगार हवा, तर आधी मला विचारायचं."

बाबांनी कप खाली ठेवला. "हे दीदी कधी म्हणाली?"

"नाही म्हणाली," बायको म्हणाली. "म्हणून लिहिलं."

"तिची काही तक्रार नव्हती."

"तुम्ही विचारलं होतं, बाबा?"

ते माझ्याकडे वळले. "जावईबापू, किराण्याची यादी करावी तसं माझं बोलणं उतरवलंत. पावती तरी द्यायची होती."

नट हसले.

तालीम संपल्यावर, रात्रीच्या जेवणाआधी बाबांनी सांगितलं, हा प्रवेश काढा, नाहीतर मी पूजेपर्यंत थांबत नाही. मी बायकोला सुचवलं, नाटकातल्या बहिणीची नोकरी बदल, टेलिफोन खात्याऐवजी शाळा कर.

"शाळा केली म्हणून मला ओळखू येणार नाही का?" बाबाच आतून म्हणाले.

बायकोनं दोन दिवस घेतले आणि प्रवेश ठेवला. त्यानंतर बापलेक एका टेबलावर जेवत, पण वाढण्यापुरतंच बोलत. पुढच्या तालमीत एका नटाचा उच्चार चुकला तेव्हा बाबांनी तो स्वयंपाकघरातून दुरुस्त केला. बाहेर मात्र आले नाहीत.

नाटक प्रवेशासकट झालं, हॉल भरला. बाबा त्याच्या बारा दिवस आधीच कोलकात्याला परत गेले होते. तिकीट बदलायचे तीनशे दहा डॉलर मी विमान कंपनीला भरले. एअरपोर्टवर बायको गाडीतून उतरली नाही. बॅगा मी आत नेल्या. बाबांनी खिशातून तीनशे दहा डॉलर रोख काढून माझ्या हातावर ठेवले. मी नको म्हणायला हवं होतं. मी ते घेतले.