एक दरी पुरे

शैलावन्सं गेल्याचा फोन आला तेव्हा मी फरीदाबादच्या घरात मेथी निवडत बसले होते. नोएडाच्या वृद्धाश्रमातून बोलत होते. सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या तोंडून निघालं, "अच्छा." नणंद गेल्याचं ऐकून कुणी असं म्हणतं का? पण उभा जन्म दिल्लीत काढला की जिभेला हीच वळणं पडतात. मेथी मात्र पुढे निवडवली नाही.

वन्सं ह्यांची धाकटी बहीण. जन्म, शाळा, सरकारी नोकरी, सगळं दिल्लीतच. लग्न केलं नाही. करोल बागेत एका कोठीच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिल्या. मी साताऱ्याची, मला त्यांचं मराठी कधी पटलं नाही. "वहिनी, भाजी काटू का?" म्हणायच्या. मी लगेच टोकायचे, "चिरू का म्हणा." त्या हसून "बिल्कुल, चिरू" म्हणायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भाजी काटायच्या.

हे गेल्यावर थोड्याच काळात वन्संच्या घरमालकाला कोठी पाडून नवे मजले चढवायचे झाले. त्यांना जागा सोडावी लागणार हे आम्हाला ठाऊक होतं. कुठे जाणार, ते मी विचारलं नाही आणि त्या बोलल्या नाहीत. आमचं घर मोठं, राहणारे मी आणि माझा मुलगा निखिल. यायचं असेल तर म्हणतील की, तोंड कुणी बांधून ठेवलंय, असं मी स्वतःशी म्हणत राहिले.

त्या हिवाळ्यात निखिलनं एक मोटारहोम भाड्यानं आणली. आत ओटा, पलंग, संडाससुद्धा. आत्यालाही घेऊ म्हणाला. कोट्याजवळ चंबळेची खोल दरी आहे, तिथे कड्यावर गाडी थांबवली. खाली हिरवं पाणी घोड्याच्या नालेसारखं वळलेलं. लोक फोटो काढत होते, आणि आमच्या वन्संनी सकाळी गाडीत धुतलेला पिवळाजर्द परकर तिथल्या रेलिंगवर वाळत घातला. शेजारी दिल्लीचंच एक कुटुंब होतं. त्यातली बाई तो परकर चुकवून फोटो कसा घ्यावा या खटपटीत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी परकर काढायला गेले, तर वन्सं तिथेच उभ्या होत्या. खाली बघत हळूच म्हणाल्या, "वहिनी, मला काही जास्त नको. एक दरी पुरे."

मला वाटलं, बाई थकल्या. निखिलनं तर अजून दोन ठिकाणं ठरवली होती. माझं अर्धं लक्ष त्या परकरात. म्हटलं, "इथे कसलं थांबताय? पुढे बघा की."

वन्सं "चलो" म्हणाल्या आणि परकर काढून घडी घालायला लागल्या. परकर ओलाच होता.

महिन्याभरात त्या नोएडाला गेल्या. मी निखिलला कौतुकानं म्हटलंसुद्धा, मानी बाई हो, कुणावर भार टाकायचा नाही म्हणजे नाही. अधूनमधून फळं घेऊन भेटायला जायचे. "मजेत आहे," म्हणायच्या.

दिवसकार्य झाल्यावर त्यांचं सामान आणायला आम्ही दोघं गेलो. शेजारच्या खोलीतल्या सेठी आंटी दारात आल्या. "आप ही भाभी हैं?" म्हणून हसल्या. "शैला आपका किस्सा बहुत सुनाती थी. कहती थी, मैंने भाभी के घर में एक दरी की जगह माँगी, भाभी बोलीं, आगे देखो. जैसे मंगतों को बोलते हैं." आणि पुन्हा हसल्या. वन्संनीही तो किस्सा हसतहसतच सांगितला असणार.

दरी म्हणजे सतरंजी. इथे सगळे तसंच म्हणतात. वन्संना त्यासाठी दुसरा शब्द येतच नव्हता, हे लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मला कळलेलं. "वहिनी, दरी झटका," त्या म्हणाल्या होत्या आणि मी पदर तोंडाला लावून हसले होते. म्हणजे शब्द मला ठाऊक होता. जागा जाणार हे ठाऊक होतं. सरळ मागणं त्यांच्या स्वभावात नाही, हेही ठाऊक होतं. त्यांनी सगळा धीर गोळा करून सतरंजीएवढी जागा मागितली, आणि दारच्या भिकाऱ्याला म्हणावं तसं मी त्यांना पुढे बघायला सांगितलं... लाज वाटते मला. तिथे निखिलकडे मान वर करून बघवेना.

खोलीतल्या पलंगावर नुसत्या कपड्यांच्या घड्या होत्या. वन्सं खालीच झोपायच्या, आंटी म्हणाल्या. फरशी मोकळी होती. मी विचारलं, "उनकी दरी?"

"वो तो मुझे दे गई. उसी पर बैठकर पाठ करती हूँ."

"मुझे दे देंगी? और कुछ नहीं चाहिए. बस वो दरी."

आंटी अवघडल्या. मग माझा हात हातात घेऊन अगदी प्रेमानं म्हणाल्या, "भाभी, वो तो अब मेरी आदत हो गई है. आगे चौक पर दुकान है ना, वहाँ देख लीजिए."

निखिल वन्संची ट्रंक उचलून जिन्यात थांबला होता. त्यानं ऐकलं की नाही, मी विचारलेलं नाही.