स्लीव्हमधलं कुंकू

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. देवापुढं तर मुळीच नाही — कारण देवाचंच कुंकू या प्रकरणात आहे.

मारुतीअण्णा येळ्ळूरला माझ्या घरापासून चार घरं सोडून राहतात. नात्याचे नव्हेत. पण मला बेळगावच्या कारखान्यात त्यांनीच लावलं, लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, उभं केलं, हाताला धरून शिकवलं. रोज सकाळी भाकरी बांधून आम्ही दोघं चालत निघायचो. वाटेत ते माझी चेष्टा करत. "हत्यारापरीस तुझी जीभ लई चालतीया" म्हणत. खरंच होतं ते. पण एकदाच चालायला हवी होती, तेव्हाच नेमकी चालली नाही.

लढाईचे दिवस होते. विलायती सुटे भाग यायचे बंद झाले होते, म्हणून आम्ही स्लीव्ह बनवत होतो. स्लीव्ह म्हणजे निमुळती पोकळ नळी. ती यंत्रात बसते आणि ड्रिलला घट्ट धरून ठेवते. साधी दिसते, पण तिच्या अंगात काही अडकलं की ड्रिल डुलतं आणि भोक वाकडं जातं. आमच्या लेथमध्येही अशीच एक असे, म्हणून अण्णांचा एकच नियम होता — जो ती स्लीव्ह काढेल, त्यानंच ती आतून-बाहेरून पुसून परत बसवायची.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा होते. त्या दिवशी यंत्र चालवायचं नाही. त्या वर्षी अण्णांनी आपल्या लेथची पूजा मला करायला सांगितली. केवढा मान वाटला! मी त्यांच्या लेथमधली स्लीव्ह काढली, बाहेरून हळदकुंकू लावलं. मग वाटलं, आतही लावावं — खरं काम तर आतच होतं ना? पाण्यात कालवलेलं कुंकू बोटानं खोलवर लावलं आणि स्लीव्ह जागच्या जागी ठेवून दिली.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी कामावर आलो. मी स्लीव्ह बाहेरून पुसली. आतून — आतून पुसायला हात होईना. देवाचं कुंकू तेलकट चिंधीनं कसं पुसायचं? एवढ्याशा कुंकवानं काय होणार आहे, असंही वाटलं. की नुसता आळसच होता तो? आज मला सांगता येत नाही.

अण्णांनी विचारलं, "आतनं पुसलास न्हवं?"

"व्हय अण्णा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. एरवी ते पहिला नग तपासल्याशिवाय दुसऱ्याला हात घालत नसत. त्या दिवशी मालाची घाई होती. दुपारपर्यंत त्यांनी बारा नग केले. तपासणीत बाराच्या बारा वाया गेले. पोलाद मिळायची मारामार होती, तरी मालक ओरडले नाहीत. अण्णा आपल्या हातांकडं बघत राहिले.

जेवणाच्या सुट्टीत अण्णा बाहेर बसले होते, तेव्हा मी स्लीव्ह काढली. आत लाल पापडी चिकटलेली. ती घेऊन अण्णांकडं जायला किती पावलं लागली असती? वीस? — मी चिंधी घेतली आणि पुसून टाकली. तीच चिंधी, तेच तेल. आता देव आडवा आला नाही.

मालक त्यांना काढणार नव्हते. अण्णांनीच काम सोडलं. संध्याकाळी परत येताना म्हणाले, "हात गेला रं माझा. पंचवीस वर्सं हातानं साथ दिली, आता न्हाय." त्यांना स्लीव्हचा संशय आला नाही, कारण ती पुसल्याचं मी सांगितलं होतं. घर येईपर्यंत सांगता आलं असतं. घर आलं.

त्यांचं यंत्र मला मिळालं. पुढं लोंढ्याला काम मिळत होतं, मी हरखलो होतो — सुटलो एकदाचा. तर अण्णा म्हणाले, "माझं मशीन दुसऱ्याच्या हातात देऊ नगंस, बाबा." मी राहिलो. आजही रोज संध्याकाळी ते कट्ट्यावर बसलेले असतात. "आज काय केलंस रं?" विचारतात. दुसरी वाट लांबून जाते. ती धरली तर ते चौकशीला घरी येतात. मग मी उभा राहतो आणि सगळं सांगतो. एक सोडून सगळं. मला त्यांचा राग येतो, इतका की लाज वाटते.

लढाई संपली. गेल्या महिन्यात कुणीतरी गाडीच्या चाकाची खीळ घासून घ्यायला कट्ट्यावर आणली. मीच आग्रह करून अण्णांच्या हातात कानस दिली. काय शोधत होतो मी — स्वतःची सुटका? इतक्या वर्षांत त्यांनी हत्याराला हात लावला नव्हता. कानस थरथरली, घसरली, बोटाला लागली. ते माझ्याकडं बघून हसले.

"बघ, मी म्हनलो नव्हतो?"

त्या दसऱ्याला त्यांचा हात शाबूत होता. हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. त्यानं त्यांच्या बोटाला चिंधी बांधली आणि काहीच सांगितलं नाही.